कचरापेटी कचरा तोलते ती कशी?

प्रश्न : दक्षिण कोरियातल्या सोल शहरात उरलेले अन्न टाकायला गेले की कचरापेटी त्याचे वजन करते आणि पैसे लावते, असे ऐकले. हे चालते कसे? आणि त्याने पर्यावरणाचे काय भले होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ऐकलेत ते खरे आहे. तिथल्या अनेक गृहसंकुलांच्या आवारात अशी यंत्रे आहेत. यंत्राला कार्ड दाखवले की झाकण उघडते. कार्डातल्या आरएफआयडी चिपमुळे कचरा कोणत्या घरचा, हे यंत्राला कळते. ओला कचरा आत पडताच काटा तो तोलतो, पडद्यावर वजन उमटते आणि त्या घराच्या नावावर पैसे लागतात. जिथे यंत्र नाही, तिथे ठरवून दिलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात.

पण यंत्र नंतर आले, कायदा आधी. कोरियन जेवणात तोंडीलावण्याच्या वाट्या पुष्कळ, त्यामुळे उरतेही पुष्कळ. हे अन्न जमिनीत पुरले की हवेविना कुजते आणि मिथेन वायू सुटतो. 100 वर्षांचा हिशेब धरला, तर हा वायू तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा 25 पटींहून जास्त उष्णता अडवतो. म्हणून 2005 मध्ये अन्नकचरा थेट पुरण्यावर बंदी आली. 2013 मध्ये त्याचे सांडपाणी समुद्रात सोडणेही थांबले आणि त्याच वर्षी ‘जितका कचरा तितके पैसे’ हा नियम देशभर लागू झाला. आज तिथला 90 टक्क्यांहून अधिक अन्नकचरा पशुखाद्य, खत किंवा बायोगॅससाठी वापरला जातो.

ओल्या कचऱ्यात सगळ्यात जास्त वजन पाण्याचे असते. पैसे वजनावर लागतात म्हटल्यावर लोक तो निथळून टाकू लागले. त्यामुळे गाड्यांवरचा भार हलका झाला.

आपल्याकडे काही शहरांत घरांच्या दारावर क्यूआर कोड लावले आहेत. त्यातून घंटागाडी येऊन गेली का, एवढे कळते. घराने किती कचरा केला, हे त्यातून कळत नाही. सोलच्या यंत्राचे मोल इथेच आहे : ते प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा आकडा दाखवते, आणि सवय बदलायची तर हा आकडा डोळ्यांसमोर यावा लागतो.

तुमच्या नगरपालिकेत असे यंत्र घेण्याचा प्रस्ताव आला, तर आधी एवढेच विचारा : तोललेला ओला कचरा पुढे जाणार कुठे? खताचा किंवा बायोगॅसचा प्रकल्प चालू असेल, तर यंत्राचे जरूर स्वागत करा. नसेल, तर आधी तो प्रकल्प मागा.