समुद्रकाठचा मुक्काम आणि आपली तब्येत

पूर्वी आपल्याकडची सहल म्हणजे औंढा नागनाथ, नांदेड, फार तर उन्हाळ्यात महाबळेश्वर. बरोबर दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. आता दिवस बदलले आहेत. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूरची कुटुंबेही मुलांच्या सुटीत मालदीव, थायलंड, बाली, मॉरिशस अशा ठिकाणी जाऊन येतात. मुलगा किंवा सून पुण्याला नोकरीला असते, तेच बुकिंग करतात आणि आई-वडिलांना बरोबर नेतात. माझ्याकडे येणारे रुग्ण जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात डोकावून विचारतात, "डॉक्टरसाहेब, जाऊ ना? काही गोळ्या लिहून देता का?" आदल्या दिवशी फार काही करता येत नाही. म्हणून आजच्या लेखात हा विषय सविस्तर घेतला आहे.

या सहलींत एक प्रकार विशेष लोकप्रिय आहे. मुक्काम, तिन्ही वेळचे जेवण, चहा-फराळ, पेये, पोहण्याचा तलाव या सर्वांचे पैसे आधीच भरायचे. तेथे गेल्यावर खिशात हात घालायचा नाही. ही पद्धत रूढ करण्यात जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाचा मोठा वाटा आहे. त्यांनी 1950 साली स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्रकाठी तंबूंची वसाहत उभारली. मालदीवमधील पहिले पर्यटक निवासस्थान 1972 साली सुरू झाले. आज तेथे बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच हॉटेल असते, आणि आरोग्याच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या घरी खाण्याला वेळेचा लगाम असतो, बाहेर खाताना खिशाचा असतो, आणि काही झाले तर डॉक्टर दोन गल्ल्या सोडून असतो. अशा मुक्कामात हे तिन्ही लगाम एकदम सुटतात. तेव्हा काळजी आपणच घ्यावी लागते.

मांडून ठेवलेले जेवण

पैसे भरले आहेत म्हणून सर्व पदार्थ चाखलेच पाहिजेत, असा बहुतेकांचा समज असतो. त्यातून अपचन आणि आम्लपित्त होते. खरा धोका मात्र प्रमाणाचा नसून अन्न किती वेळ उघड्यावर राहिले याचा असतो. 5 ते 60 अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर राहू नये, आणि हवा 32 अंशांहून गरम असेल तर एक तासच. म्हणून जेवणघर उघडल्यावर लवकर जावे. ज्या पदार्थातून वाफ येत आहे किंवा जो समोर तव्यावर करून मिळतो तो घ्यावा. सॅलड, कापून ठेवलेली फळे, अंड्याचे कच्चे मिश्रण असलेले पदार्थ आणि कच्चे शिंपले टाळावेत. केळे, संत्रे यांसारखी स्वतः सोलून खाण्याची फळे उत्तम.

भाताविषयी एक गोष्ट आपण भात खाणाऱ्यांनी समजून घ्यावी. शिजवून कोमट ठेवलेल्या भातात एक जंतू विष तयार करतो. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. तीच गोष्ट माशांची. टुना जातीचे मासे पकडल्यापासून थंड ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन साठते. ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, डोके दुखते, छातीत धडधडते. लोक याला माशाची ॲलर्जी समजतात. त्रास बहुधा ॲलर्जीच्या गोळीने शमतो, पण श्वास लागत असेल तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

जुलाब लागलेच तर पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तेच पाणी आज पाकिटात मिळते. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे, अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लहान मुलाला चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद होणे किंवा मूल सुस्त होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठावा. शीतपेये जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांतील जास्तीच्या साखरेने जुलाब वाढतात.

मधुमेह असेल तर

सर्वांत अधिक काळजी मधुमेही मंडळींनी घ्यायची आहे. परदेशात घड्याळ बदलते म्हणून औषधांचे काय, असे पुष्कळजण विचारतात. मालदीवची वेळ आपल्यापेक्षा केवळ अर्धा तास मागे, थायलंडची दीड तास पुढे. मालदीवच्या काही बेटांवर हॉटेल आपले घड्याळ सोयीसाठी एक तास पुढे लावते. एवढ्या फरकाने औषधांचे वेळापत्रक बिघडत नाही. बिघाड होतो तो जेवणाच्या वेळा ढळल्याने. सकाळी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि होडीच्या फेरीत जेवण दोन तास लांबले, तर रक्तातील साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. रिकाम्या पोटी मद्य घेतले तर साखर आणखी उतरते, आणि आजूबाजूचे लोक "चढली आहे" म्हणून त्याला झोपू देतात. यात जीव जाऊ शकतो. बरोबरच्या माणसाला आजाराची कल्पना असलीच पाहिजे.

इन्शुलिन कधीही मोठ्या सामानात टाकू नये. विमानाच्या पोटातील थंडीने ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्शुलिन निकामी होते. ते हातातल्या पिशवीत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे. वापरात असलेले इन्शुलिन 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. वाळूवर उन्हात ठेवलेल्या पिशवीत ते टिकत नाही.

आता पायांविषयी. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ साठीच्या आतलेच, मधुमेह बारा वर्षांचा. समुद्रकाठी आले म्हणून भर दुपारी चप्पल काढून नातवाबरोबर वाळूत फिरले. पायांची संवेदना गेलेली असल्याने चटका जाणवलाच नाही. रात्री मुलीने पाय पाहिले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आलेले होते. दोन दिवस तिथलेच मलम लावले. घरी पोचेपर्यंत एका पायात पू झाला होता. जखम भरायला तीन महिने लागले आणि पायाची करंगळी काढावी लागली. मधुमेह्याने वाळूवर, तलावाच्या फरशीवर आणि पाण्यातही पायात काहीतरी घालावे. रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कोणी पाहावेत. मुलांनी आई-वडिलांची एवढी सेवा या चार दिवसांत अवश्य करावी.

ऊन वेगळे, पाणीही वेगळे

मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळिसाच्या घरात जातो. त्यामुळे तिथल्या तीस-एकतीस अंशांची आपल्याला भीती वाटत नाही. पण आपल्याकडे हवा कोरडी असते, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होते. समुद्रकाठी हवा दमट असते, घाम नुसता निथळतो, अंग थंड होत नाही. शिवाय पाणी आणि पांढरी वाळू ऊन परतवते. वारा गार लागतो म्हणून कातडी भाजत असल्याचे कळत नाही. अकरा ते तीन सावलीत राहावे. टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे वापरावेत. उघड्या अंगाला 30 किंवा अधिक क्रमांकाचे सनस्क्रीन लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून आल्यावर, पुन्हा लावावे.

पोहण्याबद्दल अधिक स्पष्ट लिहितो. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळजण विहिरीत किंवा पूर्णा, दुधनेच्या डोहात पोहायला शिकले आहेत. विहिरीचे पाणी उभे असते. समुद्राचे पाणी चालते. काही ठिकाणी किनाऱ्यावर आलेले पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत परतते. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, पट्टीचा पोहणाराही दमतो. घाबरून न जाता तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडावे आणि मग किनाऱ्याकडे वळावे. हात वर करून मदत मागावी. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, ही घटना अनेकांना आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचे नाही. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधल्या जागेतच उतरायचे, कारण जीवरक्षकाचे लक्ष तेथे असते. मद्य घेऊन पाण्यात उतरणे हा तर आत्मघात आहे.

हॉटेलच्या तलावातही मुलांना एकटे सोडू नये. बुडणारे मूल ओरडत नाही, आवाज न करता खाली जाते. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवावा. हवेची ट्यूब हे खेळणे आहे, जीवरक्षक साधन नव्हे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर खांद्यावर घेऊन फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे या पद्धती चुकीच्या आहेत. त्यात मोलाचा वेळ जातो. त्याला उताणे निजवावे. श्वास चालू नसेल तर हनुवटी उचलून, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्यावेत. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाब मिनिटाला 100 ते 120 या गतीने आणि मोठ्या माणसात सुमारे पाच सेंटिमीटर खोल असावा. शुद्धीवर आला तरी त्याला डॉक्टरांना दाखवावेच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

या मुक्कामात खोल पाण्यात बुडी मारण्याची संधी मिळते. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. नळकांडे लावून बुडी मारल्यावर निदान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस विमानात बसू नये. म्हणून परतीच्या दिवशी हा कार्यक्रम ठेवू नये.

डॉक्टर किती दूर?

बेटावरच्या हॉटेलात फार तर एक डॉक्टर असतो. मालदीवची राजधानी माले येथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय 1995 साली भारताच्या मदतीने उभे राहिले. पण दूरच्या बेटावरून तेथवर पोचायला होडी किंवा पाण्यावर उतरणारे विमान लागते, आणि ही विमाने फक्त दिवसा उडतात. म्हणजे रात्री छातीत दुखू लागले तर मदत किती वेळाने मिळेल, हे बुकिंग करतानाच विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, तसेच दिवस भरत आलेल्या भगिनींनी जवळच रुग्णालय असलेले ठिकाण निवडावे. प्रवासाचा विमा घेताना जुना आजार लपवू नये. लपवला तर ऐनवेळी विमा कंपनी पैसे नाकारू शकते.

आणखी एक अडचण वाटेतच उभी राहते. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, तिथून विमान, पुढे होडी, अशा प्रवासात तासन् तास पाय लटकलेले राहतात. चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्त गोठण्याची शक्यता वाढते. दर तास-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी प्यावे.

बरोबर काय घ्यावे?

1. नेहमीची औषधे मुक्कामापेक्षा आठ दिवस जास्तीची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. अर्धी हातातल्या पिशवीत.
2. जलसंजीवनीची सहा-सात पाकिटे, लहान मुलांसाठी झिंक, तापासाठी पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, मलमपट्टी, थर्मामीटर.
3. डास पळवणारे मलम. मालदीव 2015 साली मलेरियामुक्त जाहीर झाला, पण तेथे डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो.
4. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे विचारल्याशिवाय नेऊ नयेत. विमान दुबईमार्गे असेल तर मसाल्यातली खसखससुद्धा काढून ठेवावी. तेथे तिच्यावर बंदी आहे.

निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे आपल्या डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, टायफॉइड व कावीळ-अ च्या लसींविषयी विचारावे. परत आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नये. तेव्हा ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण डेंग्यू असल्यास रक्तस्राव वाढतो. आणि डॉक्टरांना सर्वांत आधी हे सांगावे, की आपण कोठे जाऊन आलो आणि केव्हा परतलो.