लघु ट्रायथलॉन आणि घरचा हिशेब

पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तीन गोष्टी आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस येतात. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले तर पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून गावच्या विहिरीतच पोहावयास शिकलेली असतात. या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये घड्याळ न थांबविता करावयाच्या, अशी जी शर्यत आहे तिला ट्रायथलॉन म्हणतात. नाव ग्रीक आहे. 'आथ्लॉन' म्हणजे चढाओढ, आणि 'ट्राय' हा तर आपल्या 'त्रि' या शब्दाचा सख्खा भाऊच होय.

गेल्या वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आम्ही अशी एक लहान शर्यत पुरी केली. तिच्याविषयी या अंकात लिहावे असे काही विद्यार्थ्यांनी सुचविले. शर्यतीची माहिती देणे सोपे आहे. परंतु तेवढीच देऊन थांबलो तर अर्धी गोष्ट लपविल्यासारखे होईल. म्हणून थोडी घरची हकीकतही येथे सांगणे प्राप्त आहे.

हा खेळ फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी, मिशन बे नावाच्या खाडीच्या काठी, तेथील धावपटूंच्या एका मंडळाने ही शर्यत भरविली. सेहेचाळीस जण उतरले. त्यांत जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी, त्यांच्या पत्नी ज्युडी व त्यांची मुले असे सारे कुटुंबच होते. पुढे या दांपत्याने हवाई बेटांत १९७८ साली जी महाशर्यत सुरू केली, ती 'आयर्नमॅन' या नावाने जगप्रसिद्ध झाली. सुमारे ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल व त्यावर ४२ किलोमीटर धावणे! पहिल्या वर्षी पंधरा जण निघाले आणि बारा पोहोचले. वर्तमानपत्रांत या महाशर्यतीचीच छायाचित्रे येतात, त्यामुळे ट्रायथलॉन म्हणजे अतिमानवी काहीतरी, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः २००० साली सिडनी येथे ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश झाला तो दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल व दहा किलोमीटर धावणे अशा बेताच्या स्वरूपात. आणि आमची लघु ट्रायथलॉन तर त्याच्याही निम्मी, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर इतकीच असते.

मिशन बे येथील पहिल्या शर्यतीत पोहणे शेवटी होते. आता ते सर्वत्र प्रथम असते. याचे कारण आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे. दमलेला धावपटू रस्त्याच्या कडेला बसू शकतो; दमलेल्या पोहणाऱ्यास बसावयास जागा नसते.

आता गणित मांडू. पंचवीस मीटर लांबीच्या तरणतलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या. साधारण पोहणाऱ्यास त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाने वीस किलोमीटर सायकलीला अठ्ठेचाळीस मिनिटे. किलोमीटरला सात मिनिटे धरली तर धावण्याला पस्तीस मिनिटे. अवघा दोन तासांच्या आतबाहेरचा मामला. सरावासाठी आठवड्यास दोनदा पोहणे, दोनदा सायकल व दोनदा धावणे केले तर चार महिन्यांत माणूस तयार होतो, आणि हे सारे आठवड्यास सहा तासांत बसते, असा आम्ही कागदावर हिशेब केला. हिशेब बिनचूक होता. चूक होती ती त्यात न धरलेल्या तासांची. तलावावर जाणेयेणे, ओले कपडे वाळविणे, सायकलीची साखळी पुसणे, दुपारी शाळेतून आल्यावर अंग टाकून पडणे, हे मिळविले तर सहाचे नऊ तास होत. हे नऊ तास आम्हांस आकाशातून पडले नव्हते. ते आम्ही घरातून उचलीत होतो, आणि ज्यांच्याकडून उचलीत होतो त्यांस विचारलेही नव्हते.

ऑगस्टात सराव सुरू झाला. आम्ही पहाटे पाचला बाहेर पडत असू. नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर पाणी भरणे, आईंची औषधे, कन्येचा डबा व तिची वेणीफणी ही सारी सौ.च्या गळ्यात पडत असे. त्या काही बोलत नसत, आणि आम्ही त्या न बोलण्याचा अर्थ संमती असा सोयीस्करपणे लावीत होतो.

सप्टेंबरातील एका रविवारी आम्ही वेंगुर्ले रस्त्याने शिनोळीच्या पुढे गेलो. चहाच्या वेळेआधी राज्याची सीमा ओलांडून परत येण्यात आम्हांस एक पोरकट आनंद वाटे. नऊ वाजता कन्येला वक्तृत्व स्पर्धेस न्यावयाचे होते. ती पंधरा दिवस आरशासमोर उभी राहून भाषण पाठ करीत होती. वाटेत चाक पंक्चर झाले. नवी ट्यूब जवळ होती, पंप मात्र घरी राहिला होता. मन एकाग्र राहावे म्हणून भ्रमणध्वनीही आम्ही मुद्दामच घरी ठेवला होता. सायकल ढकलीत, मग एका टेम्पोत टाकून घरी पोहोचलो तो साडेदहा झाले होते, आणि दाराला कुलूप होते.

आमच्या आईंना मधुमेह आहे. त्या सकाळी औषध घेऊन न्याहारीला थांबल्या होत्या; रक्तातील साखर एकाएकी उतरली व त्या मोरीपाशी बसल्या त्या उठेनात. सौ.नी तोंडात साखर घातली, शेजाऱ्यांना हाक मारली, रिक्षा आणविली. आई दुपारपर्यंत बऱ्या झाल्या. कन्येने दवाखान्याच्या बाकावर नवा परकर-पोलका तसाच अंगावर ठेवून आजीची पिशवी सांभाळली. तिची स्पर्धा तिच्याविनाच पार पडली.

त्या रात्री आम्ही शर्यत सोडून देण्याची भाषा केली. खरे सांगावयाचे तर त्यात पश्चात्तापापेक्षा रुसवाच अधिक होता, आणि सौ.नी तो तत्काळ ओळखला. त्या म्हणाल्या, "अहो, सोडू नका. सोडलीत तर पुढची दहा वर्षं तुमची न झालेली शर्यत आम्हाला सांभाळावी लागेल. फक्त कोणाचे किती तास, ते एकदा मांडा." मग भिंतीवरचे कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर त्यांनीच दोन रकाने पाडले. आमच्या रकान्यात नऊ आले. त्यांच्या रकान्यात काय लिहावे हे आम्हांस सुचेना. लग्नापूर्वी सौ. गाणे शिकत होत्या, आणि त्यांचा तानपुरा अकरा वर्षे गवसणीतून बाहेर आला नव्हता, हे आम्हांस त्या वेळी प्रथम आठवले. अकरा वर्षे तो आमच्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा होता!

अशा प्रसंगी थोर खेळाडूंचे दाखले देण्याची चाल आहे. स्वित्झर्लंडच्या निकोला स्पिरिग हिने २०१२ साली लंडनला सुवर्णपदक जिंकले, आई झाल्यावर २०१६ साली रिओ येथे रौप्यपदक मिळविले, आणि तीन मुलांची आई असता, २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक पटकाविला. हे अलौकिकच आहे. परंतु सराव हा तिचा व्यवसाय होता, व तिचे पती रेटो हुग हे स्वतः ऑलिंपिक ट्रायथलॉनपटू. वह्या तपासून, पाणी भरून मग तलावाकडे धावणाऱ्या मास्तराने तिचे कौतुक करावे. वेळापत्रक उचलू नये.

आमचे नवे वेळापत्रक येणेप्रमाणे ठरले. मंगळवार व गुरुवारची पहाट सौ.च्या रियाजाची, त्या दिवशी स्वयंपाकघर आमचे. (पहिल्या मंगळवारी मटकीच्या उसळीत मीठ राहिले व डबा जसाच्या तसा परत आला.) लांबची सायकल रविवारऐवजी शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर. धावणे संध्याकाळी टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर, कन्या शेजारून सायकल चालवीत असताना; तिचे पाढे व इतिहासाच्या सनावळ्या तेथेच म्हणून होत, आणि धापा टाकीत उत्तरे तपासताना आमची त्रेधा उडे. पोहणे दोनदाचे एकदा झाले. सरावाचे तास नवावरून साडेसहावर आले, आणि पंप व भ्रमणध्वनी सायकलीच्या पिशवीत कायमचे गेले.

डिसेंबरात चोर्ला घाट उतरून सारे कुटुंब गोव्याच्या किनाऱ्यावर पोहोचले. समुद्रात पोहणे व तलावात पोहणे यांतील अंतर आम्हांस तेथे कळले. तलावात तळाशी रेघ असते आणि पंचवीस मीटरवर भिंत असते. समुद्रात दोन्ही नाहीत. दूर तरंगणाऱ्या नारिंगी फुग्याकडे दर काही हातांनी डोके वर काढून पाहावे लागते, नाहीतर माणूस आपल्याच नादात भलतीकडे जातो. दोनशे मीटरवर कोणाचा तरी पाय आमच्या तोंडावर बसला, पाणी नाकात गेले व छाती धडधडू लागली. अशा वेळी राखणीच्या होडीला धरून विसावण्याची मुभा असते. मात्र होडीने पुढे नेलेले चालत नाही. आम्ही धरली. लाज वाटली नाही असे नाही, तथापि श्वास परत आला.

पाण्यातून निघाल्यावर आधी शिरस्त्राणाचा पट्टा आवळावयाचा, मगच सायकलीला हात लावावयाचा, हा नियम कडक आहे. सायकल बरी झाली. तीवरून उतरून धावू लागताच मात्र मांड्या लाकडाच्या असल्यासारख्या झाल्या. पाऊण-एक तास पाय एकाच चक्रात फिरलेले असतात. तेच स्नायू आता अंगाचा भार झेलीत निराळ्या रीतीने कामाला लागतात, आणि शरीराला ही अदलाबदल समजावयास थोडा अवधी लागतो. म्हणून सायकलीनंतर लगेच थोडे धावण्याचा जोडसराव करतात; खेळाडू त्यास 'ब्रिक', म्हणजे वीट म्हणतात. आमच्या सरावातून नेमकी तीच काटली गेली होती. पहिला किलोमीटर आम्ही जवळजवळ चाललोच.

शेवटच्या रेषेपलीकडे कन्या वही घेऊन उभी होती. तिची नोंद अशी : पोहणे २६ मिनिटे, सायकल ५२, धावणे ३७, मधल्या दोन बदलांत ९, एकूण २ तास ४ मिनिटे. आमच्या मागे सात जण होते. तिने विचारले, "बाबा, ही नऊ मिनिटं तुम्ही नुसते कपडे-बूट करत होतात. ती कोणाच्या रकान्यात मांडायची?" आई मोठ्याने हसल्या.

यंदाची वक्तृत्व स्पर्धा सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. कॅलेंडरवरील त्या चौकोनात कन्येने आपल्या अक्षरात सकाळी साडेआठची वेळ लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली 'पंप तपासणे' असेही.