भग्न वास्तूंची प्रतिकृती : लखनौच्या रेसिडेन्सीवरून एक पाठ

युद्धाचा अभ्यास पटावर मांडण्याची प्रथा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर युद्धखेळ खेळला जाई. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी लहान सैनिकांच्या खेळावर पुस्तक लिहिले. अशा पटावर पडकी घरे मांडावयाची असतील, तर वास्तू कशी पडते हे प्रथम समजून घ्यावे लागते. त्यासाठी लखनौच्या रेसिडेन्सीसारखे दुसरे उदाहरण आपल्या देशात क्वचितच मिळेल.

३० जून १८५७ रोजी चिनहटच्या लढाईत इंग्रजी फौजेचा पराभव झाला व लगेच रेसिडेन्सीला वेढा पडला. तो नोव्हेंबरपर्यंत टिकला. आवारात सुमारे ३,००० माणसे होती. त्यांत इंग्रजांच्या बाजूने लढणारे शेकडो हिंदी शिपाई होते, तशीच स्त्रिया व मुलेही होती. तोफगोळ्यांनी व सुरुंगांनी फुटलेल्या भिंती आजही तेथे उभ्या आहेत, आणि मुख्य इमारतीतील संग्रहालयात त्या आवाराची प्रतिकृती ठेवलेली आहे.

प्रमाण. आपण १ : ७२ हे प्रमाण घेऊ. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस त्यात सुमारे २३ मिलिमीटर होतो व ९० सेंटिमीटर जाडीची भिंत साडेबारा मिलिमीटर होते. लखनौची जुनी बांधकामे लखौरी नावाच्या पातळ विटांची आहेत. दोन सेंटिमीटर जाडीची वीट या प्रमाणात ०.२८ मिलिमीटर भरते. एवढी वीट वेगळी घडविता येणार नाही. म्हणून ओल्या लेपावर सुईने बारीक आडव्या रेघा ओढून तिचा केवळ भास निर्माण करावा.

भिंत. पुठ्ठ्याचे थर सरसाने चिकटवून भिंत करावी व वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ लेप द्यावा. तुटलेली कड सरळ कापू नये. चुन्याचा जोड विटेपेक्षा दुर्बळ असतो. म्हणून तडा बहुधा जोडांतून पायऱ्यापायऱ्यांनी जातो. कमान आपला भार दोन्ही बाजूंच्या आधारांवर टाकते. आधार शाबूत असेल तर वरची भिंत गेली तरी कमान राहते; आधार ढळला की ती कोसळते. म्हणून आधाराविना लोंबणारी अर्धी कमान दाखविणे चूक होय.

ढिगारा. नवशिके येथेच फसतात. पडलेली भिंत नाहीशी होत नाही. समजा, ६ मीटर लांब, ४ मीटर उंच व ०.९ मीटर जाड भिंत पडली. तिचे घनफळ २१.६ घनमीटर. घनफळ प्रमाणाच्या घनाने घटते, म्हणून त्यास ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ ने भागावे. उत्तर सुमारे ५८ घन सेंटिमीटर येते. विटा अस्ताव्यस्त पडल्याने मध्ये पोकळ्या राहतात. त्यासाठी दीडपट धरल्यास ८७ घन सेंटिमीटर ढिगारा भिंतीच्या पायथ्याशी पसरावा लागेल. त्यात छताच्या तुळयाही तिरप्या दिसाव्यात. सैनिक उभे राहण्यापुरती सपाट जागा मात्र राखावी.

रंग. कोणते वर्ष दाखवावयाचे, ते आधी ठरवावे. नुकत्याच फुटलेल्या भिंतीत वीट तांबूस दिसते व चुन्याची पांढुरकी धूळ सर्वत्र बसलेली असते. आजच्या अवशेषांवर मात्र अनेक पावसाळ्यांच्या शेवाळाचे काळे ओघळ आहेत. ढिगारे केव्हाच हलविले गेले असून त्यांच्या जागी हिरवळ आहे. प्रथम गडद तपकिरी रंग द्यावा, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग केवळ उंचवट्यांवर फिरवावा. काजळी सर्वत्र फासू नये. ज्वाळा खिडकीतून बाहेर पडून वर चढतात, म्हणून काजळी उघड्या जागांच्या वरच्या अंगास बसते.

प्रतिकृती पुरी झाल्यावर माणसाची मूर्ती खिडकीत ठेवून तिच्या नजरेच्या उंचीवरून पाहावे. कोणती वाट दिसते, कोणती झाकली जाते, हे तत्काळ ध्यानात येते. वेढ्यात याच दृष्टिरेषांवर माणसांचे प्राण अवलंबून होते. सर हेन्री लॉरेन्स यांना २ जुलै रोजी तोफगोळ्याने प्राणघातक जखम झाली, ती रेसिडेन्सीच्या आतील खोलीतच. पटावरील प्रत्येक पडके घर कोणाचे तरी राहते घर होते, हे ध्यानी ठेवून ते रचले, तर हा खेळ इतिहासाचा खरा अभ्यास ठरेल.