कमानीखालून बस जात नाही

माझं घर बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात. नोकरी इंदूर-इच्छापूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये, जे बाहेरून मुघल हवेली आणि आतून लग्नाचं कार्यालय आहे. गेट, गाड्या आणि येणारे पाहुणे माझ्याकडे. सात हंगाम झाले. जे शिकलो ते बहुतेक बोलणी खाऊन.

१. पत्ता सांगू नये, वळण सांगावं.

पहिल्या वर्षी पत्रिकेवर चुकून मालकांच्या ऑफिसचा पत्ता छापला गेला, तो नेमका आमच्याच मोहल्ल्यातला. दुपारी अकरा गाड्या सिंधीपुऱ्यात शिरल्या. एका बाजूला पॉवरलूमची खटखट, समोर सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेला हातगाडा, मध्ये रावेरची इनोव्हा. तिला मागे घ्यावं तर मागे दहा जण हॉर्न वाजवतायत. शेजारच्या चाचांनी ओट्यावरच्या सायकली उचलून घरात नेल्या, तेव्हा कुठे गाड्या हलल्या. आमच्या आईनं तेवढ्यात नऊ जणांना चहा पाजला होता. त्यातला एक पाहुणा आजही मला नाही, आईला फोन करतो.

आता वधूपित्याच्या मोबाईलवर मी माझ्या आवाजात निरोप पाठवतो आणि तोच पुढे फिरवायला सांगतो. त्यातलं शेवटचं वाक्य असं: ‘शनवारा गेट दिसलं तर समजा चुकलात, मला फोन करा.’ रेल्वेनं येणाऱ्यांना वेगळा निरोप, कारण स्टेशन लालबागला, गावापासून लांब.

२. कमान आधी मोजावी.

जुन्या बुऱ्हाणपूरचे दरवाजे हत्तीच्या हिशोबानं बांधलेले, आमचा फोटोच्या. भुसावळकडून वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स आली आणि टपावरचं एसीचं खोकं कमानीच्या नक्षीत रुतलं. अर्धी बस आत, अर्धी रस्त्यावर, नवरदेवाचे काका पायरीवर उभे राहून ड्रायव्हरला शिकवतायत. चाकांची हवा कमी करून बस मागे काढली.

मग बसगाड्या मागच्या फाटकानं घ्यायच्या ठरल्या, जिथून भाजी आणि गॅसच्या टाक्या येतात. त्यावर वरमाय रुसली. ‘आम्हाला मागच्या दारानं आणलं!’ तिचं चूक नव्हतं. मी फाटकाला तोरण बांधलं, एक सनईवाला बसवला आणि पाटी लावली: शाही दरवाजा. आता पुढून येणारे कारवाले विचारतात, आम्हाला तिकडून का नाही?

३. पांढऱ्या गाडीवर विश्वास ठेवू नये.

लग्नात दहापैकी सात गाड्या पांढऱ्या. एमएच १९ आणि एमपी ६८, दोन्हीकडच्या डिझायर शेजारी शेजारी उभ्या, आणि आमच्या पोरानं चाव्या खिळ्याला अडकवल्या ‘पांढरी’ अशी चिठ्ठी लावून. आता टोकनावर नंबरातले शेवटचे चार आकडे आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा मोबाईल. मालकाचा नव्हे. मालक तेव्हा मांडवात अक्षता टाकत असतो, त्याला रिंग ऐकू येत नाही.

४. खोली तयार नसेल तर ताशा वाजवू नये.

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून अजमेरला, जहांगीरच्या दरबारी निघाला होता. वाटेत बुऱ्हाणपुरात उतरला. तेव्हा शाहजादा परवेझचा मुक्काम इथे. कोतवाल लवाजमा घेऊन रोला सामोरा गेला. नेलं सराईत. तिचं दगडी तोंड देखणं, पण आत मिळाल्या चार खोल्या, भट्टीएवढ्या. गडी आपला तंबू ठोकून त्यात झोपला आणि सगळं रोजनिशीत लिहून ठेवलं. चारशे वर्षं होऊन गेली, तक्रार अजून वाचायला मिळते.

हे वाचलं तेव्हा मला कोतवालाची दया आली, कारण मीही तेच करत होतो. वर चादरी बदलणं चालू असलं की खाली पाकळ्यांचा वर्षाव लांबवायचा, अत्तर लावायचं, पुन्हा एकदा लावायचं. पाहुण्यांना कळतं. आता हाऊसकीपिंगचा फोन आल्याशिवाय ताशेवाल्यानं काठीला हात लावायचा नाही.

५. काळ्या मातीवर मुरूम टाकावा.

जुलैत साखरपुडा होता. केळीच्या बागेतला ट्रॅक्टर येऊन सहा गाड्या ओढून गेला. एवढंच.

६. ड्रायव्हर जेवला का, हे स्वतः विचारावं.

पार्किंगमधली निम्मी भांडणं भुकेची असतात. ड्रायव्हरला ताट मिळालं नाही की तो गाडी आडवी लावून चावी खिशात टाकून झोपतो, आणि रात्री पाठवणीच्या वेळी त्याला शोधत फिरायचं. आम्ही त्यांच्यासाठी निंबाखाली सहा खाटा, पाण्याचा माठ आणि मोबाईल चार्ज करायला बोर्ड ठेवला. पहिली पंगत त्यांची. त्यांच्याकडूनच एक युक्ती मिळाली: गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला करून लावायची. येताना सगळे पुढेमागे येतात, जाताना तीनशे माणसं एकदम निघतात. जमिनीवर फक्कीनं रेषा मारणंही त्यांनीच शिकवलं.

७. आल्या माणसाला आधी काय हवं असतं?

आमच्याकडे चोपदार आहे. अंगरखा, हातात चांदीचा मुलामा दिलेला दंड. पाहुणा उतरला की ‘बा-अदब, बा-मुलाहिजा’ अशी ललकारी. मागच्या वैशाखात जळगावहून एक आजी आल्या. उन्हातला खड्ड्यांचा प्रवास, एका हातात पिशवी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. चोपदारानं ललकारी सुरू केली. आजींनी ती पुरी ऐकली, गुलाबपाणी तोंडावर घेतलं, आणि त्याच्या दंडाला धरून हळूच म्हणाल्या, ‘बाबा रे, ते सगळं खरं, पण मोरी कुठंय?’

मोरी लॉन ओलांडून, मंडपाच्या मागे होती. आजींना पोचायला दहा मिनिटं लागली.

पुढच्या महिन्यात मालकांच्या मागे लागून गेटशेजारीच दोन बाथरूम बांधून घेतली. चोपदार अजून ललकारी देतो. फक्त दंड आता उजव्या हातात असतो, आणि तोंड उघडायच्या आधी डावा हात बाथरूमकडे दाखवतो.