जुन्या एम.जी.चे इंजिन : आधी दोष ओळखा, मग पार्ट शोधा

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. ही स्पोर्ट्स गाडी तयार होत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांचा मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. आपल्या देशात अशा गाड्या थोड्याच आहेत. मग आपल्या मेकॅनिक, लेथवाले आणि स्पेअर पार्टच्या व्यापारी बंधूंनी तिचा विचार का करावा? कारण तिचे इंजिन आपल्याला परके नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या 'बी-सिरीज' घराण्यातील १७९८ सीसीचे इंजिन या गाडीत होते, त्याच घराण्यातील १४८९ सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बेसॅडरमध्ये वर्षानुवर्षे बसत होते. ॲम्बेसॅडर २०१४ मध्ये बंद झाली, पण ज्या हातांनी तिची हजारो इंजिने उघडली आणि जोडली, ते हात अजून आहेत. हा हुनर जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हवा आहे आणि ते त्याचे दाम मोजायलाही तयार असतात.

अडचण आहे ती काम करण्याच्या पद्धतीत. गाडी मिस मारते अशी तक्रार घेऊन मालक येतो. आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग कार्बोरेटरची किट, शेवटी हेड उतरते. बिल फुगते आणि गाडी पुन्हा मिस मारते. दोष होता दहा पैशांच्या सैल तारेत! यात काही वेळा अज्ञान असते, काही वेळा पार्टच्या दुकानातून मिळणाऱ्या टक्क्याचा मोह असतो. माझ्या मते तपासणीची मजुरी वेगळी आणि उघडपणे घ्यावी. कारीगराची कमाई पार्टच्या विक्रीवर अवलंबून राहिली की जास्त पार्ट बदलण्यातच त्याचा फायदा होतो, आणि असे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

तपासणीचा क्रम

सर्वांत आधी कम्प्रेशन पाहावे. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारावा. आकडा किती आला यापेक्षा चार आकड्यांत फरक किती, हे महत्त्वाचे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधील हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग गेलेली, न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. एवढ्या एका चाचणीने हेड उतरवायचे की नाही ते ठरते. ती न करता पाना उचलणे म्हणजे नाडी न पाहता दवा देणे आहे.

कम्प्रेशन ठीक असेल तर करंटकडे वळावे, कार्बोरेटरकडे नव्हे. या इंजिनात कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी दोष मुळात डिस्ट्रिब्यूटरमध्ये असतात. पॉइंटचा गॅप १५ थाऊ, फायरिंगचा क्रम १-३-४-२. गार असताना ठीक चालणारी गाडी गरम झाल्यावर तुटक चालू लागली तर कंडेन्सर किंवा कॉइल पाहावी. नवा कंडेन्सर घातला म्हणून तो निर्दोष आहे असे समजू नये. आज बाजारात येणाऱ्या कंडेन्सरांत आणि रोटरांत कच्चा माल पुष्कळ आहे. म्हणून चालू असलेला जुना पार्ट फेकू नये, ताडून पाहण्यासाठी जवळ ठेवावा.

एक गोष्ट आपल्या तरुण कारीगरांना माहीत नसते. १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी.मध्ये बॅटरीची पॉझिटिव्ह तार बॉडीला जोडलेली असे, आजच्या उलट. सवयीने बॅटरी उलटी जोडली की स्पार्क कमजोर होतो, आणि नंतर बसवलेला रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर ते जागीच जळते. बॅटरीही एक नसून सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे झाकणाखाली असत. १९७४ च्या सुमारास बारा व्होल्टची एक बॅटरी आली. त्या दोन बॅटऱ्यांमधील जोडतार गंजली तर सेल्फ फिरत नाही, आणि बिचारी सेल्फ मोटर विनाकारण खोलली जाते.

आता पेट्रोलकडे. पंप विजेचा असतो, तोही मागच्या बाजूला. चावी फिरवताच त्याची टिकटिक ऐकू यायला हवी. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत पंपाचे पॉइंट काळे पडतात. हलक्या हाताने ठोकल्यावर पंप चालू झाला तर दोष पॉइंटचाच, पंप बदलण्याची घाई करू नये.

कार्बोरेटर एस.यू. बनावटीचे, दोन. १९७५ नंतर अमेरिकेला गेलेल्या गाड्यांत मात्र एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग येऊ लागला. दोन कार्बोरेटरच्या गाडीत पुढचा १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला माल देतो, मागचा ३ आणि ४ ला. म्हणून प्लग काढून ओळीने मांडावेत. पहिले दोन काळे आणि पुढचे दोन तपकिरी असतील तर पुढच्याच कार्बोरेटरला हात लावावा. चारही काळे असतील तर चोक अडकला आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का, हे पाहावे. मिश्रण तपासण्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून कार्बोरेटरमधील पिस्टन किंचित उचलावा. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी, थोडासा वाढून पुन्हा खाली आला तर मिश्रण बरोबर. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळत असेल तर डॅशपॉटमधील ऑईल पाहावे. पुष्कळदा ते संपलेले असते, दुसरे काही नसते.

बदललेले पेट्रोल

हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या जमान्यातील आहे. आपल्या देशात असे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. पूर्वी शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण मिळत असे, ते आता नाही. टॅपेटचा गॅप पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर बैठक झिजून व्हॉल्व्ह आत जात आहे असे समजावे. सुरुवातीच्या गाड्यांच्या पुस्तकात हा गॅप १५ थाऊ दिलेला आहे. वारंवार गॅप जुळवत राहणे हा इलाज नव्हे. हेडमध्ये कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. आपले हेडचे काम करणारे लेथवाले हे उत्तम करतात. दुसरे असे की २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पोहोचले. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने नरम पडतो. अशा गाडीत नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, आणि मिश्रण कमी पडते का ते पुन्हा पाहावे.

पार्ट नावावर नव्हे, मापावर

कुर्ला, चोरबाजार, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट, या बाजारांत ॲम्बेसॅडरचा जुना माल अजून पाहायला मिळतो. 'एकच इंजिन आहे, बसेल' असे सांगून तो एम.जी.वाल्याला विकला जातो. येथे सावध राहावे. १४८९ च्या सिलिंडरचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर, १७९८ चा ८० मिलिमीटरच्या थोडा वर. लहान इंजिनाचे हेड गॅस्केट मोठ्यावर ठेवले तर त्याची कड सिलिंडरच्या आत डोकावते. १९५५ च्या एम.जी.ए.चे पहिले इंजिन मात्र १४८९ सीसीचेच होते. तिला हा माल जास्त जवळचा, तरी पिस्टनच्या डोक्याचा आकार आणि कम्प्रेशन जुळवूनच घ्यावे. शिवाय १९९२ पासून ॲम्बेसॅडरमध्ये इसुझूच्या बनावटीचे पेट्रोल इंजिनही येऊ लागले. त्याच्या पार्टचा येथे काही उपयोग नाही.

एम.जी.बी.च्या आतही भेद आहे. १९६४ च्या अखेरीपर्यंत क्रँकला तीन मेन बेअरिंग होती, नंतर पाच झाली. ब्लॉकच्या उजव्या बाजूला पट्टीवर नंबर असतो. १८-जी आणि १८-जीए म्हणजे तीन, १८-जीबीपासून पुढे पाच. पट्टीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय बेअरिंगची मागणी करूच नये. क्रँक आधी कधी घासला असेल तर बेअरिंग १०, २० किंवा ३० थाऊ अंडरसाईज लागेल, म्हणून मायक्रोमीटरने माप घ्यावे. आम्ही कापडवाले पन्हा मोजल्याशिवाय थान घेत नाही, मग लोखंडाच्या बाबतीत अंदाज कसा चालेल? इंजिनाचे नट-बोल्ट बहुतेक इंची आट्यांचे आहेत. फियाटचा मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने फिरवला तर ब्लॉकचे आटे जातात, आणि ब्लॉक म्हणजे सर्वांत महाग वस्तू.

विलायतेत मालाची टंचाई नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९७५ मध्ये निघाली आणि १९८८ पासून तिने जुन्या साच्यांवरून एम.जी.बी.ची संपूर्ण बॉडीसुद्धा पुन्हा तयार करण्यास सुरुवात केली. अमेरिकेत मॉस मोटर्स हे १९४८ पासूनचे दुकान आहे. परदेशी मागणी करताना गाडीचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि जुन्या पार्टचे माप, तिन्ही पाठवावेत. २०१९ पासून आपल्याकडे एम.जी. नावाच्या नव्या गाड्या विकल्या जातात, पण त्या शोरूममध्ये जुन्या गाडीचा पार्ट मागण्यात अर्थ नाही. नाव तेवढे एक आहे.

जुना पार्ट विकणे हा इज्जतीचा धंदा आहे, पण तो जुना म्हणूनच विकावा. पॉलिश करून नव्या खोक्यात घालणे म्हणजे मालाचा ऐब लपवणे, आणि ते आपल्या दीनमध्ये जायज नाही. बिलावर 'जुना, तपासलेला' असे स्पष्ट लिहावे, माप लिहावे, किती दिवसांत परत घेणार तेही लिहावे. असे बिल देणाऱ्या दुकानदाराला शौकीन मंडळी लांबूनही शोधत येतात.

पार्ट मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून देण्याचा सल्ला मात्र देऊ नये. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचे ५ हजार ठरवण्यात आले. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेली गाडी त्यात बसत नाही. मालकाला हे कामाआधी सांगावे, आणि मूळ ब्लॉक भंगारात देण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी.