हातोडीला किती पैसे घालावेत?

प्रश्न : आम्ही नुकतेच मारतहळ्ळीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. भिंतींवर फोटो लावायचे आहेत, पॅकिंगच्या जुन्या फळ्यांपासून बाल्कनीत एक बाक करायचं आहे आणि यंदा गणपतीचं मखर लाकडाचं करायचा बेत आहे. मागच्या बाजूने खिळे उपटता येतात तशी हातोडी शोधतो आहे. दुकानात ती हजाराच्या आत मिळते, तर ऑनलाइन अमेरिकन कंपनीची कित्येक हजारांना दिसते. अमेरिकेतले मेहुणे म्हणतात, घ्यायचीच तर टायटॅनियमची घे, जन्मभर पुरेल. महाग हातोडीत खरंच काही असतं, की पैसे नुसत्या नावाचे?
— एक वाचक, मारतहळ्ळी, बेंगळुरू

उत्तर : महाग हातोडीत काहीतरी असतं, नक्की असतं. पण ते ज्या कामात उपयोगी पडतं, ते काम तुम्ही सांगितलेल्या यादीत नाही. हजाराच्या आतली घ्या. मेहुण्यांना उलट उत्तर द्यायचं म्हणजे हाताशी कारणं हवीत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चांगल्या हातोडीला जास्त पैसे मोजावेत का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावी एका लोहाराच्या दुकानात निघाला होता. लोहाराचं नाव डेव्हिड मेडोल. तेव्हाच्या हातोड्यांचं डोकं काम करता करता दांड्यावरून निसटायचं आणि कुठेही, कोणाच्याही अंगावर उडायचं. दांडा बसतो ते भोक उथळ असायचं, त्यामुळे दांड्याला धरायला लोखंडाची जागाच पुरत नसे. मेडोलने 1840 च्या सुमाराला लाकूड तासायच्या वाकसाला असतो तसा खोल, खाली नळीसारखा उतरणारा डोळा हातोडीला दिला. शिवाय पोलादाला पाणी किती आणि कसं द्यायचं, याचा त्याने वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. आपल्याकडचा सुतार पूर्वी त्याच वाकसाच्या पाठीने खिळे ठोकायचा, तेव्हा ही सोयरीक काही अगदीच परकी नाही.

गावात कामाला आलेला एक सुतार आपली हातोडी घरी विसरला होता. त्याने मेडोलकडे करता येईल तितकी चांगली हातोडी मागितली. तेवढे पैसे द्यायची तयारी आहे ना, हे मेडोलने आधी विचारून घेतलं. ती हातोडी पाहिल्यावर सुताराच्या जोडीदारांनीही तशाच मागितल्या. मग त्यांचा ठेकेदार आला. त्याला दोन हव्या होत्या, आणि त्याही आपल्या माणसांच्या हातोड्यांपेक्षा सरस! मेडोलने सांगितलं, याहून सरस मला करता येत नाही; गिऱ्हाईक कोणी का असेना, मी जमेल तितकी चांगलीच करतो. जेम्स पार्टन या लेखकाने 1884 साली आपल्या पुस्तकात ही हकीकत लिहून ठेवली आहे. मला त्या ठेकेदाराची गंमत वाटते. माणसांपेक्षा आपली हातोडी भारी असावी, एवढंच त्याला हवं होतं. महागड्या अवजारांच्या जाहिराती आजही त्याच ठेकेदाराला उद्देशून लिहिलेल्या असतात.

त्या काळी जास्त पैसे दिले की डोकं न उडणारी हातोडी मिळत होती. आज खोल डोळा आणि नीट पाणी दिलेलं पोलाद या दोन गोष्टी मध्यम किमतीच्या कोणत्याही धड हातोडीत असतात. मग वरचे पैसे कशाचे?

एस्टविंगचं उदाहरण घ्या. अर्नेस्ट एस्टविंग हे स्वीडनहून अमेरिकेत गेलेले गृहस्थ. त्यांनी 1923 मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला कारखाना काढला आणि डोकं व दांडा एकाच पोलादाच्या तुकड्यातून घडवला. जोडच नाही, त्यामुळे जोड सैल होण्याचा प्रश्नच मिटला. अशी हातोडी खरोखर पिढीजात टिकते. जगभरातले भूगर्भशास्त्रज्ञ याच कंपनीची दगडफोडी हातोडी वापरतात. सह्याद्रीचा बेसाल्ट दिवसभर फोडत हिंडणाऱ्या विद्यार्थ्याने ती घेतली, तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही. मात्र अखंड पोलादी दांड्यातून घावाचा हादरा थेट मनगटात येतो. तो कमी व्हावा म्हणून कंपनीला मुठीवर जाड निळं आवरण चढवावं लागतं. साध्या लाकडी दांड्यात हादरा शोषण्याचा गुण मुळातच असतो.

आता मेहुण्यांचं टायटॅनियम. याबाबत तुम्ही अगदी योग्य जागी राहता. मारतहळ्ळीहून जुन्या विमानतळाच्या रस्त्याने शहराकडे निघालात की हिंदुस्तान एरोनॉटिक्स लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर 1940 मध्ये सुरू केलेला हा विमानांचा कारखाना. टायटॅनियमचं खरं घर म्हणजे असे कारखाने. पोलादाच्या तुलनेत त्याचं वजन साधारण निम्म्याच्या थोडं वर भरतं आणि ताकद दांडगी असते. कच्चा माल तसा दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, केरळात चवऱ्याला तर भरपूर. पण त्यातून धातू काढायचा म्हणजे आधी क्लोरीनशी संयोग घडवायचा आणि मग हवा लागू न देता मॅग्नेशियमने क्लोरीन सोडवून घ्यायचा. ही प्रक्रिया वेळखाऊ आणि खर्चिक आहे. टायटॅनियमची हातोडी महाग होण्यामागे ब्रँडइतकाच हा धातूही आहे.

स्टिलेटो या अमेरिकन कंपनीचा दावा असा, की तिची 14 औंसांची म्हणजे सुमारे 400 ग्रॅमची टायटॅनियमची हातोडी 24 औंसांच्या, म्हणजे 680 ग्रॅमच्या पोलादी हातोडीइतका घाव घालते. शाळेतलं सूत्र आठवून पाहा. घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्या हिशेबाने हलकी हातोडी जड हातोडीपेक्षा सुमारे 31 टक्के जास्त वेगाने फिरवली, तर दावा बरोबर ठरतो. सरावलेला, तगडा सुतार तेवढा वेग काढेलही. रविवारी सकाळी चहानंतर मखर ठोकायला बसलेल्या माणसाचा वेग कितपत वाढेल, ते तुम्हीच ठरवा. हलकेपणाचा खरा फायदा घावात नाही, हातोडी पुन्हा पुन्हा उचलण्यात आहे. दिवसाला शेकडो वेळा उचलायची असेल तर वाचलेले 280 ग्रॅम संध्याकाळी कोपराला कळतात. आणि या कंपनीची 200 डॉलरच्या वर जाणारी जी हातोडी आहे, तिचं ठोकायचं तोंड पोलादाचंच असतं, झिजलं की बदलायचं.

अशी हातोडी अमेरिकेतच का जन्मली? तिथलं घर लाकडी चौकटीवर उभं राहतं. जमीन, भिंती, छप्पर सगळीकडे लाकडाला लाकूड खिळ्यांनी जोडलेलं. एका घरात हजारो खिळे जातात. आता तिथेही हवेच्या दाबाच्या बंदुकीने बरेचसे खिळे ठोकले जातात, हा भाग वेगळा. आपल्याकडे फ्लॅटमध्ये फर्निचर करायला येणारा सुतार प्लायवूड, फेव्हिकॉल आणि स्क्रू यांच्यावर चालतो. खिळा लागतो तो बहुधा बारीक, फेव्हिकॉल सुकेपर्यंत पट्टी धरून ठेवायला. आपल्याकडे दिवसभर हातोडी चालवतात ते सेंट्रिंगवाले. स्लॅबखालच्या फळ्या ठोका, काँक्रीट धरलं की त्याच फळ्यांचे खिळे उपटा, फळ्या पुढच्या मजल्यावर न्या. महाग हातोडीचा फायदा खऱ्या अर्थाने त्यांना होईल. त्यांच्या रोजंदारीत ती बसत नाही आणि ठेकेदार घेऊन देत नाही.

तुमच्या भिंतीला तर हातोडी हवीच आहे की नाही, इथूनच शंका आहे. बेंगळुरूच्या नव्या इमारतींत भिंती सॉलिड ब्लॉकच्या असतात, नाहीतर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या, ज्यांना बिल्डर मंडळी मिव्हान म्हणतात. काँक्रीटच्या भिंतीवर साधा खिळा वाकतो, प्लॅस्टरचा टवका उडतो आणि हातोडी सात हजारांची असली तरी फरक पडत नाही. तिथे हॅमर ड्रिलने भोक पाडून, प्लॅस्टिकची गिट्टी बसवून स्क्रूच पिळावा लागतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आतून वायरचे पाइप गेलेले असतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या वाचकांनी तर भोक पाडण्याआधी मालकाला विचारावं. बेंगळुरूत डिपॉझिट परत मिळायच्या दिवशी प्रत्येक भोक मोजलं जातं.

तेव्हा हातोडी मखरासाठी आणि बाकासाठी. डोकं साधारण 450 ग्रॅमचं, पंजे वळलेले, तोंड गुळगुळीत. जाळीदार खाचांचं तोंड घेऊ नका, ते लाकडावर ठसे उमटवतं. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेली टपारिया घ्या, स्टॅन्ली घ्या, दोन्ही चालतील. टपारियाने 1969 मध्ये हत्यारं बनवायला सुरुवात केली तीही एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने, म्हणजे स्वीडनचा वारसा तुम्हाला स्वस्तातही मिळेल. शक्यतो हातात घेऊन विकत घ्या. के. आर. मार्केटजवळच्या एस. जे. पी. रोडला अवजारांची दुकानंच दुकानं आहेत. डोकं आणि दांडा यांच्या सांध्यातून उजेड दिसता कामा नये. तोंड मध्ये किंचित फुगीर आणि कडेने मारलेलं असावं. पंज्यांमधली फट टोकाशी इतकी निमुळती हवी, की डोकं तुटलेला खिळाही तिच्यात धरला जाईल. डोक्यावर साच्याची रेघ दिसली, म्हणजे ते ओतीव आहे असा संशय आला, तर परत ठेवा. ओतीव बीडाचं तोंड घावाने फुटतं.

पॅकिंगच्या फळ्या सोडवायला मात्र एकटी हातोडी पुरणार नाही. त्यांचे खिळे बहुतेकदा पिळाचे असतात आणि यंत्राने खोल ठोकलेले. त्या कामाला कटावणी आणा. उरलेले खिळे पंज्याने उपटताना डोक्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. टेकू उंच झाल्याने खिळा सरळ वर येतो, दांड्यावर ताण कमी पडतो आणि फळीवर खड्डाही पडत नाही. एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीही मारू नका. दोन्ही तोंडं कडक असतात, कपची उडाली तर थेट डोळ्यात जाते.

वाचलेल्या पैशांत एक बरं हॅमर ड्रिल, कटावणी आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा, एवढं सगळं येईल. मेहुणे पुढच्या खेपेला टायटॅनियमची हातोडी भेट म्हणून आणणार असतील, तर नाही म्हणू नका.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची जुनी हातोडी आहे. तिचा लाकडी दांडा दर उन्हाळ्यात सैल होतो. रात्रभर पाण्यात ठेवली की घट्ट होते, पण पुन्हा तेच. कायमचा उपाय आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पाण्यात ठेवणं आधी बंद करा. लाकूड फुगतं खरं, पण चहूबाजूंनी पोलाद असल्याने त्याला जायला जागा नसते, म्हणून आतले तंतू चेपले जातात. सुकल्यावर ते पूर्वीपेक्षाही बारीक होतात, त्यामुळे पुढचा उन्हाळा आणखी सैल जातो. हातोडी डोकं खाली करून हातात लोंबती धरा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. डोकं जड असल्याने जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात आणखी शिरतो. मग वरच्या बाजूने जुनी पाचर काढून थोडी जाड नवी ठोका. शेवटी डोळ्यातून दिसणाऱ्या लाकडाला जवसाचं तेल दोन-तीनदा पाजा. दांड्याला चीर गेली असेल तर तारेने आवळून वापरू नका, बदला. बाभळीचा दांडा चांगला टिकतो, फक्त लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या बघून घ्या.