सायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये कोणतं ऑइल घालायचं?



आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या सायकलचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ढिला लागत होता. घरात मोटारसायकलच्या ब्रेक ऑइलची बाटली होती, तेच त्यात घातलं. काही दिवसांनी लिव्हर दाबला तर आतच अडकून बसला! नशीब, तेव्हा सायकल उतारावर नव्हती.

असं का झालं? आधी ब्रेक कसा चालतो ते पाहू. विज्ञानातला पास्कलचा नियम आठवा. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. लिव्हर दाबला की ऑइल कॅलिपरमधले पिस्टन ढकलतं आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात.

या ऑइलचे मुख्य प्रकार दोन :

१) मिनरल ऑइल – हे पाणी शोषून घेत नाही. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे ब्रेक यावर चालतात.

२) डॉट फ्लुइड (डॉट ४, डॉट ५.१) – हे हवेतली ओल शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनांक घटतो. नव्या डॉट ४ चा किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओल शोषलेल्याचा किमान १५५. लांब उतारावर ब्रेक तापून फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वायू दाबला जातो, म्हणून लिव्हर मऊ लागतो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून हे फ्लुइड ठरलेल्या मुदतीत बदलावं. ते सायकलच्या रंगावर सांडू देऊ नका.

आता त्या मुलाच्या सायकलकडे वळू. तिचा ब्रेक मिनरल ऑइलचा होता आणि बाटलीत होतं डॉट ४. ब्रेकमधले रबरी सील एकाच प्रकारच्या ऑइलसाठी बनवलेले असतात. चुकीच्या ऑइलने ते फुगतात, पिस्टन अडकतात. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सीलही बदलावे लागतात.

म्हणून बाटली उघडण्याआधी लिव्हरवर किंवा माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा. कंपनीच्या नावावरून अंदाज नको. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉटवर चालतात, तर काही नवे मिनरल ऑइलवर. आणखी एक, डॉट ५ आणि डॉट ५.१ एक नव्हेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ५.१ च्या जागी घालू नका.

वर्गात करून पाहा : सुई नसलेल्या दोन सिरिंज नळीने जोडा. एकदा पाणी भरून दाबा, एकदा हवा भरून. ब्रेकमध्ये बुडबुडा का नको, हे मुलं स्वतःच सांगतील!